यूनुसच्या हातांची गाठ

झहूर पेंटरला माणसाचा चेहरा काढता येत नाही, असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. त्यानं तो कधी काढूनच पाहिला नव्हता. अक्षरं आणि आकडे, एवढाच त्याचा संसार. कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदरातल्या तेलाच्या टाक्यांवरचे दोन-दोन पुरुष उंचीचे आकडे त्याच्या हातचे. धक्क्यावरची 'इथे सिगारेट ओढू नये' ही तंबी तीन भाषांत त्यानंच रंगवलेली. यातली एक भाषा त्याला वाचता येत होती, दुसरी वाचता येत होती पण निम्मी कळत नव्हती, आणि तिसरीशी त्याचा काही संबंध नव्हता. साहेबानं कागदावर लिहून द्यायचं आणि यानं ते हुबेहूब मोठं करायचं. एकदा साहेबाच्या घाईत एक अक्षर गळलं होतं. यानं ते न गळालेल्या अक्षरांइतक्याच इमानदारीनं गाळलं, तीन फूट उंचीच्या ओळीत.

चेहऱ्यापासून तो लांब राहिला त्याला कारण होतं. रत्नागिरीजवळच्या त्याच्या गावात मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी त्याला लहानपणीच बजावलं होतं, की हाताला गुण आहे तो अक्षरात घाल, जीवाचं चित्र काढायच्या भानगडीत पडू नकोस. झहूरनं ते ऐकलं. मचव्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावं रंगवत तो मोठा झाला, आणि बाप तांडेल असूनही समुद्रावर न जाता ब्रश घेऊन कुवेतला आला. बाप म्हणे, अल्लानं मला मुलगा दिला तो रंगाच्या डब्यात बुडालेला. पण पहिली मनीऑर्डर गेल्यावर तीही तक्रार थांबली.

तर असा हा माणूस. आणि एकोणीसशे साठ सालच्या हिवाळ्यात त्याच्यावर एका हेराच्या मृत्युदंडाचं चित्र काढायची पाळी आली.

पाळी आणली झुलेखानं. ही झुलेखा शहरातल्या सरकारी इस्पितळात नर्स होती, अल्जीरियाची. तिकडे फ्रेंचांशी लढाई पेटली तेव्हा ती ट्यूनिसला पळाली आणि तिथून नोकरी धरून कुवेतला आली. दोन वर्षांपूर्वी झहूरची बायको नूरबानू याच इस्पितळात बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप झाली, पण आईचं रक्त काही थांबेना. डॉक्टरांनी रक्त मागितलं. झहूरचं जुळेना, बाहेर बसलेल्या दोघा गाववाल्यांचंही जुळेना. तेव्हा ड्यूटीवरच्या या नर्सनं बाही वर केली, शेजारच्या खाटेवर आडवी झाली आणि झाल्यावर ग्लासभर गोड चहा पिऊन पुन्हा कामाला लागली. झहूरनं आभार मानायला तोंड उघडलं तर तिनं त्याला वॉर्डात बूट घालून आल्याबद्दल झापलं.

तेव्हापासून झहूरच्या छातीवर एक ओझं होतं. गोड ओझं, पण ओझंच. शर्क मोहल्ल्यातल्या त्यांच्या खोलीत ती मुलगी, शहरबानू, दुडूदुडू चालायला लागली, बोलायला लागली, आणि प्रत्येक नव्या शब्दागणिक झहूरला वाटे, हे घर उभं आहे ते त्या बाईच्या बाटलीभर रक्तावर. ईदला तो तिच्याकडे शिरखुर्मा पोचवी. इस्पितळातल्या सगळ्या दारांचे नंबर त्यानं सुट्टीच्या दिवशी फुकट रंगवून दिले, 'शांतता राखा' अशी पाटीही करून दिली. पण दारांचे नंबर रंगवून जिवाचं ऋण फिटत नसतं, हे त्यालाही कळत होतं.

एका शुक्रवारी झुलेखा स्वतःच खोलीवर आली. दोघांचंही अरबी असं, की कुवेती माणसानं ऐकून हसावं. तिचं पार पश्चिमेचं, याचं तेल कंपनीतलं. त्यामुळे एकमेकांचं मात्र दोघांना छान कळायचं. तिनं सांगितलं ते असं. अल्जीरियाच्या मदतीसाठी मुलींच्या शाळेत देणग्यांचा आठवडा भरणार होता. सभागृहात एका शहिदाचं मोठं चित्र लावायचं ठरलं होतं, आणि तो शहीद म्हणजे तिचा धाकटा भाऊ यूनुस. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी एक नमुना काढलाही होता. त्यात यूनुस सदरा फाडून छाती पुढे करून उभा होता, तोंड उघडं, मूठ वर, मागे झेंडा.

"माझा भाऊ ओरडणारा नव्हता," झुलेखा म्हणाली. "तो पाव भाजायचा. तुम्ही काढा. तुम्ही जसं आहे तसं काढता."

 झहूरनं तिला समजावलं की मी पाट्या रंगवणारा, मला माणूस येत नाही, धर्माचंही मनात येतं, आणि मी काही भलतंच करून बसलो तर तुमच्या भावाची अब्रू जाईल. ती ऐकून घेत होती. मग तिनं यूनुसचा फोटोही नसल्याचं सांगितलं. होता तो एक, घराबरोबर जळाला. एवढं बोलून ती उठली, शहरबानूच्या गालाला हात लावला आणि गेली. आग्रह केला नाही, रक्ताची आठवण तर नाहीच नाही. आग्रह केला असता तर झहूरला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

नूरबानूनं चुलीपाशी सगळं ऐकलं होतं. आता ती बाहेर आली.

"तिचा रगत माझ्या आंगात हाय," ती म्हणाली. "म्हंजे तो यूनुस माझा पन भाव झायला. तुमचा मेवना. मेवन्याचा चित्र काढाया इतका काय घाबरतांव?"

 सासरचं नातं असं अल्जीरियापर्यंत पोचेल असं झहूरला निकाहाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

मग त्यानं झुलेखाला पुन्हा बोलावलं आणि साहेबाकडून मजकूर घ्यावा तसा एकेक तपशील विचारून घेतला. यूनुसची डोंगरातल्या एका गावात पावाची भट्टी होती. फ्रेंच छावणीला पाव तोच पुरवायचा. किती पाव मागवले यावरून आत किती शिपाई आहेत हे कळायचं, आणि रात्रीच्या शिदोरीचे जादा पाव मागवले की उद्या तुकडी डोंगरावर जाणार हे ठरलेलं. डोंगरातल्या आपल्या माणसांना जाणाऱ्या पावांवर तो सुरीनं चिरा पाडायचा. जितक्या चिरा तितक्या तुकड्या. असं त्यानं सव्वा वर्ष केलं. मग कुणीतरी फुटलं. एका सकाळी त्याला भट्टीवरूनच उचललं, चौकशी केली आणि दुपारी भट्टीच्या अंगणात, पिठाची गाढवं बांधायच्या खुंटाला बांधून गोळ्या घातल्या. हात धुऊ दिले नाहीत. कोपरापर्यंत पीठ होतं.

"हात मागे बांधले होते?" झहूरनं विचारलं.

"मागे. खुंटाच्या मागे."

झहूरला तिथेच वाट सापडली. त्यानं चित्र पाठीमागून काढायचं ठरवलं. बघणारा खुंटाच्या मागे उभा. समोर यूनुसची पाठ, मान, मानेवरचे केस, आणि खुंटामागे बांधलेले पिठानं पांढरे झालेले हात. पलीकडे अंगण, धूर न येणारी भट्टी, आणि लांब ओळीत उभे शिपाई, तोंडं टोप्यांच्या सावलीत. चेहरा एकही नाही. मौलवीसाहेबांचा शब्द पुरता पाळला गेला असं नाही, पण पुरता मोडलाही गेला नाही. नसलेल्या फोटोचीही मग गरज उरली नाही.

कंपनीच्या पेंट शॉपमधून त्यानं फोरमनला विचारून जुनी ताडपत्री आणली, तिच्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि तीन आठवडे तो कामावरून आला की तिच्यासमोर बसायचा. जेवणाआधी कणीक मळणाऱ्या नूरबानूच्या हातांकडे टक लावून बघायचा. पीठ बोटांच्या पेरांत कसं साचतं, मनगटाच्या रेषेत कसं सुकतं, घामानं कुठे ओघळतं. नूरबानूला वाटे, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर या माणसाला आता आपले हात दिसले. ती मुद्दाम जास्त वेळ मळायची. त्या दिवसांत घरात भाकऱ्या फार मऊ झाल्या.

झहूरचा सगळा जीव त्या पिठात होता. दोराकडे त्यानं फारसं लक्ष दिलं नाही. दोर काय, तो तर त्याला झोपेतही काढता आला असता. त्यानं सवयीनं काढला आणि पुढे गेला. घोटाळा झाला तो इथेच.

देणग्यांच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी सभागृह भरलं होतं. चित्रावरचा पडदा सरकवला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं नुसती बघत राहिली, आणि मग बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. झहूर मागच्या भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. झुलेखा पुढे चित्रापाशी होती. ती रडत नव्हती. ती त्या पांढऱ्या हातांकडे बघत होती, आणि झहूरला वाटलं, जमलं. अल्लाची मेहेरबानी, जमलं एकदाचं.

तेवढ्यात नाखुदा हुसेन पुढे आला. हा जुना जहाजाचा कप्तान, शाळेच्या मुख्याध्यापिकेचा बाप. चाळीस वर्षं त्यानं बूम, म्हणजे मोठं शिडाचं जहाज, हाकलं होतं, बसऱ्याचा खजूर घेऊन जायचा आणि मलबारचं लाकूड घेऊन यायचा. वाटेत रत्नागिरीचं बंदर त्याला पाठ. आता म्हाताऱ्याला जवळचं दिसायचं, लांबचं नाही, म्हणून तो चित्राला नाक लावून बघू लागला. चेहरे शोधले, सापडले नाहीत. मग नजर दोरावर आली आणि तिथेच अडकली.

"ही गाठ कुणी बांधली?" त्यानं खणखणीत आवाजात विचारलं. समुद्रावर बोलायची सवय, त्याचं हळूसुद्धा सगळ्यांना ऐकू जायचं.

 तो वळून सभागृहाला सांगू लागला, की ही शिपायाची गाठ नव्हे. ही नावेची गाठ. धक्क्याला नाव बांधताना आम्ही ही मारतो. नाव कितीही ओढू दे, ही आवळतच जाते. पण दोराचं मोकळं शेपूट ओढलं की एका हिसक्यात सुटते, कारण वादळात नाव धक्क्यावर आपटायला लागली तर खलाशाला गाठी सोडत बसायला वेळ नसतो.

"आणि हे शेपूट बघा," काठीचं टोक चित्रापाशी नेत तो म्हणाला. "याच्याच बोटांत आहे. यानं ओढलं असतं तर हा मोकळा होता."

 झहूरनं मागच्या भिंतीपासूनही पाहिलं, आणि खरंच होतं. त्याच्या बापाची गाठ. लहानपणी मेलेली, म्हणजे ओढून न सुटणारी, गाठ बांधली म्हणून बापानं त्याला सगळ्या धक्क्यासमोर थोबाडीत दिली होती. तेव्हापासून त्याच्या हाताला दुसरी गाठ ठाऊकच नव्हती. आणि ते शेपूट बोटांत कसं आलं तेही त्याला आठवलं. मचवा निघायच्या वेळी धक्क्यावर बसून दोराचं शेपूट दोन बोटांत धरायचं, बापाची हाक आली की ओढायचं, हे त्याचं काम असे. दोर काढताना हात आपोआप तिकडे गेला होता. ज्या माणसाला जगातली सगळ्यात घट्ट गाठ मारली असणार, त्याला यानं सुटायची दोरी हातात दिली होती. तिच्या भावाच्या मरणाचं यानं हसं करून ठेवलं होतं, आणि तेही भर सभेत.

तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला. खिशात छोटा ब्रश होता, तो कुठेही जाताना असायचाच. त्याला झुलेखाला सांगायचं होतं, की चूक झाली, आत्ता दोन फटकाऱ्यांत बुजवतो, शेपूट काढून टाकतो. पण तो पोचेपर्यंत नाखुदानं पुढचा प्रश्न विचारला होता, आणि आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मग हा उभा का आहे?"

झुलेखानं चित्रावरची नजर हलवली नाही. 

"कारण भट्टीवर सात माणसं कामाला होती," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी त्याला निरोप आला होता. तुझं नाव फुटलंय, खेचर तयार आहे, निघ. तो निघाला नाही. तो निघाला असता तर त्या सातांना भिंतीला उभं केलं असतं. त्यानं सकाळी रोजच्यासारखी भट्टी पेटवली, आणि ते आले तेव्हा सांगितलं, चिरा मी पाडतो, मी एकटा."

हे तिला ट्यूनिसमध्ये त्या सातांपैकीच एकानं सांगितलं होतं, आणि तिनं आजवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. झहूरलाही नाही. तिकडे निर्वासितांच्या छावणीत तिची आई होती, आणि आई एकच विचारायची, माझा मुलगा पळाला का नाही? झुलेखालाही तीन वर्षं तेच वाटत आलं होतं. सात परक्यांसाठी त्यानं आम्हाला सोडलं, याचा राग. मेलेल्या भावाचा राग घेऊन ती वॉर्डात फिरत होती आणि लोकांना वाटायचं, बाई स्वभावानंच कडक आहे.

नाखुदानं मान डोलावली. मग त्यानं खांद्यावरचा आपला चांगला तपकिरी बिश्त, सणासुदीला घालायचा तो झगा, काढून देणग्यांच्या टेबलावर ठेवला आणि नुसत्या पांढऱ्या अंगरख्यावर खुर्चीत जाऊन बसला. त्याच्यामागोमाग टेबलापाशी एवढी गर्दी झाली की चित्र दिसेना.

दुपारी सगळे गेल्यावर झहूर ब्रश हातात घेऊन उभाच होता. त्यानं खरं ते सांगून टाकलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी मुद्दाम काढलं नाही, हात चुकला, तुम्ही म्हणाल तर बुजवतो.

"ब्रश खिशात ठेवा, अबू शहरबानू," झुलेखा म्हणाली, अरबी रीतीनं त्याला शहरबानूचा बाप म्हणून हाक मारत. "मला सांगितलेलं समजत होतं, पण दिसत नव्हतं. तुमच्या हातानं दाखवलं. माझ्या भावाचा जीव त्यांनी घेतला असं मी म्हणत होते. आज दिसलं की तो त्यानं स्वतः दिला. अल्ला तुमचं भलं करो."

आणि मग ती रडली, खुर्चीवर बसून, लहान मुलीसारखी.  झहूर बोलायला गेला की आभार आम्ही मानायचे, तुम्ही नाही, आमचं घर तुमचं आहे. त्याचं अरबी अर्ध्या रस्त्यात संपलं, आणि पुढचं तो कोकणीतच बोलला. तिला ते सगळं समजलं. घरी येऊन त्यानं नूरबानूला घडलेलं सांगितलं, तेव्हा तिनं दुवा मागितली. पहिल्यांदा यूनुससाठी, मग झुलेखासाठी, आणि शेवटी झहूरच्या बापानं दिलेल्या त्या थोबाडीतीसाठी.

दीड वर्षानं, बासष्टच्या उन्हाळ्यात, अल्जीरिया स्वतंत्र झाला. बातमी आली त्या दिवशी झुलेखानं इस्पितळात सगळ्यांना खजूर वाटले आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शाळेनं चित्र तिला देऊन टाकलं. जायच्या आदल्या दिवशी ती ते घेऊन झहूरच्या खोलीवर आली, बांधून घ्यायला. शहरबानू आता चार वर्षांची होती. तिनं चित्रातल्या हातांकडे बोट दाखवून सांगितलं, हे मामूचे हात. नूरबानूनं तिला तसंच शिकवलं होतं. झुलेखानं तिला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

झहूरनं ताडपत्री गुंडाळली, वर मेणकापड लपेटलं आणि दोर घेतला. तो गाठ मारणार तोच झुलेखानं त्याचा हात थांबवला.

"मला शिकवा ती," ती म्हणाली.

झहूरनं सावकाश दाखवली. वेढा असा, फास असा, शेपूट असं बाहेर. तिला दोनदा जमली नाही. दुसऱ्यांदा तर मेलेली गाठ बसली आणि झहूरला ती दातांनी सोडावी लागली, पण त्यानं थोबाडीत मारली नाही. तिसऱ्यांदा बसली. तिनं गुंडाळी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. गाठ आवळली. शेपूट तिनं वीतभर मोकळं सोडलं.

"ही मी सोडणार नाही, वाटेत कुणाला सोडू देणार नाही," ती म्हणाली. "तशीच आईपुढे ठेवीन. शेपूट तिच्या हातात देईन आणि म्हणेन, ओढ. एवढंच होतं, आई. तो बांधलेला नव्हता, थांबला होता."

नूरबानूनं वाटेसाठी भाजलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. वरच्या भाकरीवर तिनं सुरीनं सात चिरा पाडल्या होत्या.